गहू नको, गव्हाचा हातही नको

पुण्या-मुंबईतल्या बऱ्यापैकी कुठल्याही हॉटेलात 'जैन पावभाजी' म्हटलं, की वेटर पुढचं काही विचारत नाही. कांदा, लसूण, बटाटा चालणार नाही हे त्याला ठाऊक असतं आणि आत भटारखान्यातही ठाऊक असतं. एकादशीला साबुदाणा वडे तळायची कढई बऱ्याच ठिकाणी वेगळी लागते, कारण बटाटेवड्याच्या तेलात तळलेला वडा उपासाला चालत नाही. शाकाहारी गिऱ्हाइकाच्या वरणात मटणाची पळी बुडू नये, याबद्दल तर कुणाला सांगावंही लागत नाही. एका छपराखाली दोन प्रकारचं अन्न एकमेकांना लागू न देता शिजवायची सवय आपल्या आचाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. सिलिअॅक असलेल्या माणसाला बाहेर जेवायचं तर हीच काळजी हवी असते, फक्त गव्हाच्या बाबतीत. ती आज मिळत नाही. ती जगात कुठे मिळते, संशोधन काय सांगतं, आणि ती मिळेपर्यंत आपल्याकडच्या माणसाने कुठे आणि काय खावं, याचा हा आढावा.

सिलिअॅक म्हणजे गव्हाची अॅलर्जी, असं सोयीसाठी सांगितलं जातं. आजार मात्र वेगळा आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचा प्रथिनांचा समूह असतो. जनुकांची विशिष्ट ठेवण असलेल्या काही माणसांत ग्लुटेन पोटात गेलं, की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारी आतड्यातली बारीक लव झिजते आणि सपाट होते. मग जुलाब, पोटफुगी, वाढ खुंटलेलं मूल, लोहाच्या गोळ्यांनीही न हटणारा पंडुरोग, ठिसूळ हाडं. कधी यांतलं काहीच बाहेर दिसत नाही आणि झीज आत चालूच राहते. गव्हाशी या आजाराचं नातं आहे अशी शंका डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, तेव्हाच्या अनुभवाने ती बळावली, आणि १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध मांडला. उपचार आजही तोच आहे: ग्लुटेन जन्मभर बंद. ग्लुटेन पचवून टाकण्याच्या नावाखाली गोळ्या विकल्या जातात, पण गोळी घेऊन पोळी खाता येईल असं कुठलंही औषध अजून नाही.

हा गोऱ्यांचा आजार आहे, अशी समजूत आपल्याकडे बराच काळ होती. दिल्ली आणि आसपासच्या परिसरात झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर ९६ माणसांमागे एकाला सिलिअॅक आढळला. पुढे २०१६ मध्ये उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारताची तुलना प्रसिद्ध झाली. या आजाराची प्रतिपिंडं उत्तरेत १.२३ टक्के प्रौढांच्या रक्तात होती, ईशान्येत ०.८७ टक्के, तर दक्षिणेत अवघ्या ०.१० टक्के. पूरक जनुकं मात्र तिन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात सापडली. फरक होता तो रोजच्या ताटातल्या गव्हाचा. ज्वारी-बाजरी-तांदळाच्या महाराष्ट्रात पोळी रोजची झाली, डब्यात पाव आणि बिस्किटं आली. तेव्हा 'आपल्याकडे हा आजार नसतो' हे वाक्य डॉक्टरांनीही आता मनातून काढून टाकायला हवं.

बाहेर जेवण्याचा सगळा पेच आहे तो मात्रेचा. २००७ मध्ये कार्लो कातास्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीत एक प्रयोग प्रसिद्ध केला. पथ्यावर असलेल्या रुग्णांना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिलं, तेव्हा आतड्याची झीज पुन्हा सुरू झाली. दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंतचं ग्लुटेन बहुतेकांना सोसतं, असं तेव्हापासून सर्वसाधारणपणे धरलं जातं. आता एका पोळीचा हिशेब करू. तीस ग्रॅम कणकेची पोळी धरली, तर तिच्यात ढोबळमानाने तीन ग्रॅम ग्लुटेन आलं. म्हणजे दिवसाची सुरक्षित मर्यादा ही त्या पोळीचा तीनशेवा भाग. परातीच्या कडेला चिकटलेलं पीठ, उलथण्याला लागलेला पराठ्याचा कण, हात न धुता वाढलेला भात, एवढ्यानेही ती ओलांडली जाऊ शकते. शिजवून, तळून, भाजून ग्लुटेन नाहीसं होत नाही. सॅनिटायझरनेही नाही. ते भांड्यावरून जातं ते धुऊन काढल्यावरच.

हॉटेलांत प्रत्यक्ष काय घडतं, यावर परदेशात बऱ्यापैकी काम झालेलं आहे. अमेरिकेत आठशेहून अधिक लोकांनी खिशात मावणारं तपासणी-यंत्र वापरून हॉटेलातले 'ग्लुटेन-फ्री' पदार्थ तपासले. अशा ५,६२४ चाचण्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ३२ टक्के चाचण्यांत ग्लुटेन सापडलं. पिझ्झा आणि पास्ता यांत तर निम्म्याहून अधिक वेळा. आकडा घाबरवणारा आहे, पण जपून वाचायला हवा. ते यंत्र कायदेशीर मर्यादेहून कमी ग्लुटेनलाही होकार देऊ शकतं, आणि लोक बहुधा ज्या पदार्थाची शंका येते तोच तपासतात. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरातल्या १२७ ठिकाणांहून घेतलेल्या १५८ नमुन्यांची तपासणी झाली, त्यात १४ नमुन्यांत ग्लुटेन निघालं, म्हणजे ९ टक्के. दोन्ही आकडे शेजारी ठेवून कुठला देश बरा ते ठरवणं बरोबर नाही, कारण मोजण्याची रीतच वेगळी. तरी एक गोष्ट दोन्हींतून दिसते. मेनूकार्डावर तसं छापलेलं असणं आणि ताटात तसं येणं, यांत अंतर राहतं.

मला अधिक उपयोगाचे वाटतात ते छोटे, एकाच गोष्टीचा छडा लावणारे अभ्यास. बटाट्याच्या काप्यांत गहू नसतो, पण गव्हाचं आवरण असलेले पदार्थ ज्या तेलात तळले जातात त्याच तेलात त्या तळल्या तर? अमेरिकेतल्या दहा हॉटेलांतून घेतलेल्या अशा २० नमुन्यांपैकी ९ नमुन्यांत ग्लुटेन सापडलं, आणि ५ नमुने 'ग्लुटेन-फ्री' म्हणण्याच्या मर्यादेपलीकडे होते. ही मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम. आंतरराष्ट्रीय मानकातही तीच आणि भारतातही तीच. गव्हाचा पास्ता उकळलेल्या पाण्यात ग्लुटेन-मुक्त पास्ता शिजवला तर तोही बाधतो, हे आणखी एका प्रयोगात दिसलं. त्याच प्रयोगात एक दिलासाही मिळाला. साध्या पावाच्याच टोस्टरमध्ये भाजलेल्या ग्लुटेन-मुक्त पावात ग्लुटेन मर्यादेच्या आतच राहिलं, आणि सुरी नीट धुतली की प्रश्न सुटला. म्हणजे धोका सगळीकडे सारखा नसतो. सामाईक तेल, सामाईक पाणी आणि उडणारं कोरडं पीठ हे मोठे शत्रू. धुतलेलं भांडं शत्रू नव्हे.

हे निकष घेऊन आपल्या मेनूकार्डाकडे वळलं, की चित्र बदलतं. पहिल्या नजरेला मराठी ताट सिलिअॅकला फार अनुकूल वाटतं: भाकरी, भात, पिठलं, पोहे, घावन, आंबोळी, उकडीचे मोदक. पण यातल्या बऱ्याच पदार्थांची वाट गिरणीतून जाते. गिरणीत गव्हाच्या मागोमाग ज्वारी पडते, आणि जात्याच्या पाळ्यांत, नळीत, डब्यात अडकलेली कणीक ज्वारीच्या पिठात उतरते. घरी यावर घरघंटीचा उपाय आहे आणि अनेक कुटुंबांनी तो केलेला आहे. हॉटेल मात्र पीठ बाहेरून आणतं. त्यातून भाकरी मोडू नये म्हणून काही ठिकाणी ज्वारीच्या पिठात मूठभर कणीक मिसळतात आणि कुणी विचारल्याशिवाय सांगत नाहीत. थालीपिठाच्या भाजणीत गहू बहुधा असतोच. कोंबडी-वड्यांच्या पिठातही पुष्कळदा असतो.

किनाऱ्यावर आणखी एक घोळ होतो. सुरमई, पापलेट, बोंबील हे सगळे रव्यात घोळवून तळले जातात, आणि रवा म्हणजे गहूच, हे घाईच्या वेळी वाढणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. मालवणपासून काणकोणपर्यंत कुठेही तांदळाच्या पिठात घोळवून मागता येतं आणि लोक आनंदाने तसं देतात, पण तवा तोच असतो, वरचं तेल तेच असतं, तेलातला रवाही तोच. तेव्हा रव्याचे मासे तळणाऱ्या ठिकाणी तळलेला मासा नकोच. कालवण आणि भात घ्यावा, सोलकढी घ्यावी. माशाच्या कालवणात घट्टपणा येतो तो वाटलेल्या नारळाचा, तिथे पिठाची गरजच पडत नाही. ताटातले हे तीन पदार्थ माझ्या मते सबंध कोकण-गोव्यातलं सर्वांत निर्धास्त बाहेरचं जेवण आहे.

उडप्याच्या हॉटेलात इडली बरी, कारण ती वाफेवर आणि आपापल्या साच्यात होते; ती तांदूळ-उडदाचीच आहे, रव्याची नाही, एवढं विचारून घ्यावं. डोशाचं तसं नाही. ज्या तव्यावर रवा डोसा पडतो त्याच तव्यावर साधा डोसा पडतो, आणि कुरकुरीतपणासाठी काही जण पिठात थोडा रवा किंवा मैदा घालतात. मिसळीत पाव टाळला तरी फरसाण उरतं, आणि त्यात मैद्याच्या पापड्या असतात. बटाटेवडा बेसनाचा, पण तेल समोशाचं. तंदुरी चिकन ज्या भट्टीत लटकतं तिच्याच भिंतीला नान थापलेले असतात. पंजाबी पद्धतीच्या रश्श्यांत दाटपणासाठी मैदा पडू शकतो. रस्त्यावरच्या चायनीज गाडीवर तर थांबूच नये: नेहमीच्या सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, मंचुरियनमध्ये मैदा असतो, आणि कढई दिवसभर एकच.

हिंगाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यावरून घराघरांत वाद होतात. बाजारातलं बरंचसं हिंग बांधानी असतं. मूळ हिंग फार उग्र, म्हणून ते डिंकात आणि पिठात मळतात, आणि ते पीठ बहुधा मैदा असतं. तांदळाच्या पिठातलं हिंगही मिळतं. डबीवर वाचलं की कळतं. पण हॉटेलात डबी दिसत नाही, आणि आमटी, सांबार, मसाला ताक, पापड, शेव, सगळीकडे हिंग आहे. पातेलंभर आमटीत चिमूटभर हिंग पडतं. तेव्हा एका वाटीत येणारं ग्लुटेन हे सामाईक तेलातून किंवा परातीतून येणाऱ्या ग्लुटेनच्या मानाने पुष्कळ कमी असणार. म्हणून हिंगाची चौकशी करून समाधान मानायचं आणि तेलाचं विचारायचंच नाही, हे उलटं झालं. दोन्ही विचारावं, पण एकच विचारण्याची संधी असेल, तर तेलाचं आणि तव्याचं विचारावं.

या सगळ्यात फारसं कुणाच्या लक्षात न आलेली एक वाट उपासाच्या पदार्थांची आहे. उपासाला गहू निषिद्ध, हिंगही बहुधा घालत नाहीत. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. जिथे उपासाची भांडी खरोखर वेगळी ठेवतात, तिथे सिलिअॅकच्या माणसाला हवं ते सगळं आयतं जुळून येतं. शंका राहते ती राजगिरा-शिंगाड्याच्या पिठाची, कारण तीही कुठल्यातरी गिरणीतूनच येतात. आणि वड्यांच्या कढईची, कारण ती सगळीकडे वेगळी असेल असं नाही. तरी हॉटेलवाल्याला 'उपासाचं जसं जपता, तसं माझं जपा, फक्त मीठ-मसाला-कांदा सगळं चालेल' असं सांगितलं, तर त्याला ते चटकन समजतं. ग्लुटेन हा शब्द त्याच्या कामाचा नाही. गहू, कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया, पाव अशी नावं घ्यावीत, आणि 'चुकून खाल्लं तर आजारी पडेन' हे सरळ सांगावं. 'पथ्य आहे' म्हटलं, की वजन कमी करायचं असेल असा समज होतो.

जेवणाच्या ऐन गर्दीत हे कुणी ऐकत नाही. साडेबारा-एकच्या आत किंवा संध्याकाळी सात-साडेसातला गेलं, तर आचारी बाहेर येऊन बोलतो. आधी फोन केला तर आणखी बरं. दहा पानी मेनूकार्डापेक्षा चार पदार्थांची खाणावळ मला जास्त भरवशाची वाटते: मालकीणबाई समोर भाकरी थापत असतात, तवा दिसतो, पीठ कुठलं ते विचारता येतं. उलट मोठ्या हॉटेलातल्या बुफेत पदार्थ कितीही चांगला शिजलेला असो, पाहुण्यांच्या हातून एका भांड्यातला डाव दुसऱ्यात जातो. तिथे आतून ताजं वाढून मागावं. विमानात ग्लुटेन-मुक्त जेवणासाठी जीएफएमएल हा ठरलेला संकेत आहे, पण तो तिकिटासोबत किंवा निदान आदल्या दिवशी नोंदवावा लागतो. आणि पिशवीत भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, केळी असावीत, म्हणजे शंका आली की उठून येण्याचं बळ राहतं. भुकेला माणूस नको ती तडजोड करतो.

युरोपात गिऱ्हाइकाला एवढी खटपट करावी लागत नाही, कारण तिथे कायद्याने ती हॉटेलवाल्यावर टाकली आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार डिसेंबर २०१४ पासून सुट्या, शिजवलेल्या अन्नातही चौदा ठरावीक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावीच लागते, आणि ग्लुटेनयुक्त धान्यं त्यांत आहेत. अगदी छोट्या कॅफेतही वेटरला 'माहीत नाही' म्हणून सुटता येत नाही. इटली याच्याही पुढे गेली. पाव-पास्त्याच्या या देशाने २००५ मध्ये सिलिअॅकसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार शाळा, इस्पितळं आणि सरकारी भोजनालयांत मागणी केल्यास ग्लुटेन-मुक्त जेवण द्यावं लागतं, आणि हॉटेल व्यावसायिकांच्या प्रशिक्षणात हा विषय येतो. रुग्णांची राष्ट्रीय संघटना हॉटेलांना शिकवते, पाहणी करते आणि आपल्या यादीत घेते. अशी हजारो ठिकाणं आज आहेत. २०२३ मध्ये तिथल्या संसदेने लहान मुलांची सिलिअॅकसाठी सरसकट तपासणी करण्याचाही कायदा केला. पोट भरायला गव्हावाचून इलाज नाही असं वाटणाऱ्या देशात हे होऊ शकतं, तर ज्वारी-तांदळाच्या प्रदेशात ते अवघड का असावं, हा प्रश्न मला सतत पडतो.

भारतातला नियम अर्ध्या वाटेवर आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमावलीने बंद पाकिटांवर ग्लुटेनयुक्त धान्यांचा उल्लेख सक्तीचा ठेवला. हॉटेलांपैकी केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक शाखा असलेल्यांना पदार्थांतल्या अॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यायला सांगितलं. म्हणजे मॉलमधल्या साखळी दुकानात निदान विचारता येतं. ज्या खाणावळीत, उडप्याकडे, भोजनालयात महाराष्ट्र रोज जेवतो, त्यांना हा नियम लागू नाही. आणि जिथे लागू आहे तिथेही तो पदार्थात काय घातलं ते सांगतो. कढईत आधी काय तळलं, ते सांगत नाही.

लग्न-मुंजी, वास्तुशांत, सत्यनारायण हेही बाहेर जेवणंच आहे, आणि पुष्कळांना तेच सर्वांत जड जातं. प्रसाद रव्याच्या शिऱ्याचा. तो नाकारणं म्हणजे यजमानाचा आणि देवाचा अपमान, असं वाटून आजीच 'एवढ्याशाने काय होतंय' म्हणत नातवाच्या हातावर ठेवते. त्या एवढ्याशाने काय होतं, ते वर पाहिलं. प्रसादाच्या ताटात केळं आणि साखर-फुटाणे वेगळ्या वाटीत ठेवले, तर कुणाचंच काही बिघडत नाही. मात्र ते यजमानाने आधी करायचं असतं, मुलाने मागायचं नसतं. पंगतीत आचाऱ्याला सकाळीच भेटून, पुऱ्या लाटायला घेण्याआधी भात-वरण-भाजी एका डब्यात काढून ठेवायला सांगावं. माझ्या पाहण्यात आचाऱ्यांनी याला कधी नाही म्हटलेलं नाही.

किती जपायचं, यावर मात्र डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात खरा मतभेद आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कॅनडातल्या एका लहान अभ्यासात पथ्य सांभाळणाऱ्या १८ प्रौढांपैकी १२ जणांच्या अन्नात, लघवीत किंवा शौचात दहा दिवसांत कधी ना कधी ग्लुटेन सापडलं. ही माणसं निष्काळजी नव्हती. दुसरीकडे, २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखवलं, की जे अत्यंत कडक जपतात त्यांच्या आयुष्याची गुणवत्ता कमी भरते. बाहेर जेवणं पूर्ण सोडलं, की मित्र सुटतात, ऑफिसातली माणसं तुटतात, मूल सहलीला जायला नको म्हणतं. माझं मत असं, की नव्याने निदान झालेल्याने पहिलं वर्षभर, आतडं सावरेपर्यंत, जवळजवळ घरचंच खावं. त्यानंतर नीट पारखलेली दोन-तीन हॉटेलं ठरवावीत आणि तिथेच पुन्हा पुन्हा जावं. ओळखीचा आचारी हा कुठल्याही यंत्रापेक्षा चांगला पहारेकरी असतो. वर्षातून एकदा रक्तातली प्रतिपिंडं तपासावीत, पण अहवाल चांगला आला म्हणजे चूक होत नाही असं धरू नये. थोडं थोडं ग्लुटेन या चाचणीच्या नजरेतून निसटतं.

राहिला प्रश्न हॉटेलांनी काय करायचं याचा. प्रत्येकाने वेगळं स्वयंपाकघर बांधावं, असं कुणी म्हणत नाही. एक झाकणाची कढई, एक तवा, एक उलथणं, घरघंटीवर दळलेल्या ज्वारीचा एक डबा, तांदळाच्या पिठातलं हिंग, आणि हात धुऊन वाढणारा एक माणूस, एवढ्यावर चार पदार्थ निर्धास्त देता येतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची 'फॉस्टॅक' ही प्रशिक्षण योजना आधीपासून आहे. परवाना घेतलेल्या व्यवसायात दर पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक तिच्यात अपेक्षित आहे. त्या प्रशिक्षणात मराठीतून एक तास सामाईक तेल, सामाईक तवा आणि उडणारं पीठ यांवर द्यावा. महाराष्ट्र आणि गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनांनी आणि हॉटेलमालकांच्या संघटनांनी एकत्र बसून, ज्या हॉटेलांची तयारी आहे त्यांची तपासणी करून जिल्हावार यादी लावावी. पुणे, नाशिक, नागपूर आणि पणजी इथून सुरुवात करायला नवा कायदा लागत नाही.